किसनचा पितळी पेला

हे १९७२ साल, मी एकसष्ट वर्षांचा आहे. माझा धाकटा भाऊ किसन धार काढता काढता म्हशीच्या पायाशी कोसळला, त्याला दीड महिना झाला. मी दावणीला वैरण टाकत होतो. हाक मारली, त्यानं मान वळवली नाही... दुसरीपर्यंतच शिकलोय, पण हे कुणाकडून लिहून घेणार नाही.

पहिल्या धारेचा पेला किसनचा, पोरवयापासून. फेसासकट उभ्यानं प्यायचा आणि पेला गोठ्यातल्या फळीवर पालथा घालायचा. संक्रांतीनंतर चढाला त्याची छाती भरून यायला लागली. संगमनेरचे डॉक्टर म्हणाले, रक्तात चरबी, म्हणजे ते कोलेस्टेरॉल, किती आहे बघू; ती वाढली की हृदयाच्या नळ्या आतून अरुंद होतात. रात्रीच्या जेवणानंतर नुसतं पाणी घ्या, सकाळी तसेच या. किसननं मला हे नीट सांगितलं होतं. तरी त्या सकाळी मी पेला भरून पुढं धरला. तो नको म्हणाला.

"शनिवार धरतोस तवा दूध चालतं, अन् डॉक्टरला चालत न्हाई व्हय? पी गुमान."

थोरल्याचा शब्द मोडायचा नाही म्हणून प्याला. तिथं विचारल्यावर खरं सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात रिकाम्या पोटी या म्हणून परत पाठवलं. मी हसलो. म्हणालो, आपल्या बापाचं रक्त, त्यात काय बघायचंय. कांदा काढायला आला होता. पुन्हा मीच जाऊ दिलं नाही. त्याच आठवड्यात तो गेला.

एका पेल्यानं माणूस जात नाही, हे मलाही कळतं. पण रक्त तपासलं असतं तर औषध सुरू झालं असतं... कदाचित. आता धार मी काढतो. रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली की वाटतं, मागं कुणीतरी पेल्यासाठी उभं आहे. हात फळीकडं जातो. भरतो, आणि रेडकाच्या तोंडाशी धरतो.

परवा भावजय सुमन डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन उंबऱ्याशी आली.

"दादा, तुमचंबी रगत बघायला सांगितलं हुतं. भावाभावात असतंय म्हनं. पर तुमाला सांगायचा ह्यांना धीर झाला न्हाई."

अक्षर अक्षर लावत वाचलं. चिठ्ठीवर दोन नावं होती. दुसरं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढली, पेला पालथाच राहू दिला आणि पहिल्या गाडीनं संगमनेर गाठलं. दंडाला पट्टी आवळत रक्त घेणाऱ्या माणसानं विचारलं, सकाळपासून काय घेतलंय?

"पाणी," मी म्हणालो.