रोट्टीआत्याचं दुकान

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारी बाई मी जगात एकच पाहिली, आणि ती माझी सख्खी आत्या. कुणी वांगी मागितली की ती आधी विचारायची, कधी शिजवणार? 'आज' म्हणालं तर पिशवी भरायची. चुकून कुणी 'उद्या' म्हणून गेलं की, "मग उद्या ये. आज ती झाडावर राहू दे." एकदा मोटारीतून आलेल्या एका साहेबांच्या बायकोलाही तिने असंच वाटेला लावलं. बाई रागाने निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने आल्या. वांगीच तशी होती, त्याला कोण काय करणार.

तिरुवैयारुहून तंजावुरला जाणाऱ्या रस्त्यावर, शेताच्या बांधालाच तिचं दुकान. पुढे भाजी, केळी, नारळ आणि मागे बेकरी. तमिळमध्ये पावाला रोट्टी म्हणतात, म्हणून आसपासच्या सगळ्या गावांची ती रोट्टीआत्या. आम्ही मराठी माणसं तिकडे इतक्या पिढ्या राहिलो की आमची भाषाही सांबारात भिजून निघाली. पुण्यात नोकरीला आल्यावर माझं मराठी ऐकून लोक हसले, तेव्हा मी ते घासूनपुसून लख्ख करून घेतलं. आत्याने आपलं तसंच ठेवलं आणि ते मला फार बरं वाटायचं.

दुकान मुळात आतोबांनी सुरू केलं. व्यापारी केळीचे लहान घड नाकारायचा, ते त्यांनी रस्त्याकडेला एका फळीवर मांडले. आत्या लग्न होऊन आली आणि त्या फळीवर छप्पर चढलं. बेकरी ही मात्र सर्वस्वी तिची हौस. बागेतल्या एवढ्या खोबऱ्याचं करायचं काय, म्हणून तिने कुंभकोणमचा एक बेकरी मास्तर ठेवला. पुढे मास्तर आखातात गेला, पण तोवर खोबऱ्याचा बन ती त्याच्याहून चांगला करायला लागली होती. भट्टी पेटायची आमच्याच झावळ्यांवर आणि करवंट्यांवर.

तिचे दोन हट्ट होते. भाजी-फळं आपल्या शेतात पिकतील तेवढीच विकायची, हा एक. शेजारचा तंगराजू शेवग्याच्या शेंगा घेऊन आला की त्याला ती कॉफी पाजून शेंगांसकट परत पाठवायची. "मी पेरलं नाही, त्याची ग्वाही मी कशी देऊं?" दुसरा हट्ट, दुकान एक दिवसही बंद ठेवायचं नाही. बंद दार पाहून वळलेले पाय पुन्हा येत नाहीत, असं ती म्हणायची. आतोबा आजारी असतानाही तिने दार उघडं ठेवलं होतं. हे दोन हट्ट एक दिवस एकमेकांच्या उरावर बसतील, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

कालव्याला पाणी उशिरा आलं त्या वर्षी ते बसले. वांगी करपली, भेंडी धरली नाही. आत्या रोज सकाळी रिकाम्या टोपल्या धुऊन ओळीने मांडायची आणि समोर बसून राहायची. भाजीला येणारी माणसंच जाता जाता बन न्यायची. ती येईनाशी झाली तशी भट्टीही दिवसाआड पेटू लागली. तिचा मुलगा रघू सरकारी नोकरीत. दुकान बंद करून जागा भाड्याने देऊ, असं त्याने सुचवलं, आणि तसा तो प्रेमानेच बोलला. आत्याने एक रिकामी टोपली उचलून पुन्हा पुसायला घेतली. मी तेव्हा सुट्टीत तिथे होते. मला रघूचा राग आला, पण त्याहून जास्त आत्याचा आला. बोलायला कधी न कचरणाऱ्या बाईने नेमकं आत्ताच गप्प का बसावं?

तिढा सोडवला सेल्वीने, म्हणजे रघूच्या बायकोने. ही पापनाशमची तमिळ मुलगी. आत्या मराठीत बोलायची, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं भांडण अगदी बिनचूक व्हायचं. तंगराजूच्या विहिरीला पाणी होतं. एका सकाळी सेल्वी सासूला न विचारता मोपेड काढून गेली आणि त्याच्या शेंगा, कुणाचा भोपळा, कुणाची कोथिंबीर असं लादून घेऊन आली. आत्याच्या देखत तिने टोपल्या भरल्या. आता महाभारत होणार म्हणून मी हळूच भट्टीकडे सरकले.

आत्या उठली. एक शेंग मोडून तिने वास घेतला, कुणाची ते विचारलं, आणि चपला घालून तडक तंगराजूच्या शेतावर गेली. झाडं, विहीर, खताचा खड्डा, सगळं पाहून ती दुपारी परतली. "आतां ग्वाही देईन," म्हणाली. मग सेल्वीजवळ बसून हळूच म्हणाली, "मज विचारलं नाहीस तें बरं केलंस. विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

तेव्हापासून ज्याचं शेत आत्याने स्वतः पाहिलं त्याचाच माल दुकानात येऊ लागला. हट्ट गेला नाही, जागा बदलून बसला इतकंच. माल घेऊन येणाऱ्या बायका थांबू लागल्या, पीठ मळू लागल्या. आत्या त्यांच्यावर ओरडत ओरडत त्यांना भट्टी शिकवायची.

गेल्या वर्षी आत्या गेली. पुण्याहून निघाल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं: आता घराला सुतक, तेरा दिवस घरातलं कुणी दुकानाला हात लावणार नाही. तिच्यामागे पहिलीच गोष्ट घडणार ती दार बंद होण्याची. संध्याकाळी पोचले तर दुकान उघडं. तंगराजू तराजूपाशी, त्याची बायको भट्टीपाशी. आत्याला नेलं तेवढी घटकाभर त्यांनी फळ्या लावल्या होत्या, मग पुन्हा काढल्या. सुतक आम्हाला होतं, त्यांना नव्हतं. दुकान उघडं ठेवा, असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. दिवेलागणीला तंगराजूची बायको गरम बनांची टोपली घेऊन आली आणि सेल्वीला तमिळमध्ये म्हणाली, "तेराव्यानंतर तू ये. तोवर आम्ही आहोत." इतकी वर्षं त्या घराने सगळ्यांना बन दिले होते. आमच्याच भट्टीतला बन त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी आमच्या हातावर ठेवला. रघूने खाल्ला, सेल्वीने खाल्ला. मी रडत रडत एक संपवला आणि दुसरा मागून घेतला.