म्हसोबाचा ताजा शेंदूर आणि थंड देशाचा साहेब

मोटार आमच्या दारात नीट थांबलीसुद्धा नव्हती, तोवर सोनाबाई हजर. आमच्या चाकणात कुणाकडे पाहुणा आला की त्याच्याआधी ही शेजारीण पोचते, पण त्या दिवशी हाताला लागलेलं पीठही तिने धुतलं नव्हतं, म्हणजे बघा. तिच्यामागे पुण्याचे वकील अनंतराव घाम पुसत मोटारीतून उतरले, आणि त्यांच्यामागून घडी उलगडावी तसा एक उंच साहेब. सोनाबाई माझ्या कानाशी लागली, "आगं, ह्यो तर चुन्यात बुडवून काढल्यासारखा हाय."

साहेब कुठल्याशा थंड देशाचा. देशाचं नाव मला तीनदा सांगितलं, तीनदा विसरले. त्याची कंपनी पाणी उपसायचे पंप बनवते, आणि तिला कारखाना घालायचा होता थेरगावात, माझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे गणपतच्या रानात.

आता यात माझं काय काम? वकिलांनी ओट्यावर बसून समजावलं. बापाच्या जमिनीत लेकीचाही हिस्सा, असा नवा कायदा आलाय. आमचे वडील, म्हणजे आबा, जाऊन कित्येक वर्षं झाली, तेव्हा तो मला लागतो की नाही यावर वकिलांचीच दोन मतं. पण साहेबाला कागदात एक फट नको. म्हणून मी थेरगावला यायचं, रान बघायचं आणि पंचांसमोर हक्क सोडल्याची सही करायची. मी म्हटलं, सही येते मला, तिसरीपर्यंत शाळा शिकलेय. चौथीला लग्नच झालं, तो भाग निराळा.

हक्क सोडायचं मला काही वाटलं नाही. भावाचं रान ते भावाचंच. मला आनंद मोटारीत बसायचा, आणि त्याहून मोठा आनंद दुसरा होता. ज्याची जमीन घेतली त्याच्या घरचा एक माणूस कारखान्यात घ्यायचं कंपनीने कबूल केलं होतं. गणपतला चारही मुली, म्हणून त्याने नाव दिलं माझ्या मुलाचं, दत्तूचं. दत्तू मुंबईला गिरणीत आहे. त्याची लेक शकू दोन वर्षांची झाली, मी तिला दोनदा पाहिलीय. दुसऱ्या खेपेला ती मला बघून रडली. कारखाना झाला की दत्तू थेरगावात, आणि शकू मला आजी म्हणायला शिकणार. तेव्हा सही काय, मी दहाही बोटांचे अंगठे दिले असते.

निघालो. तुमच्यापैकी कुणी वैशाखात या रस्त्याने जाणार असाल तर सकाळी आठच्या आत निघा. मोशीला इंद्रायणीच्या पुलापर्यंत हवा गार असते, पुढे भोसरीपर्यंत नुसता फुफाटा. मी मागे बसले होते, मांडीवर शिदोरी. मोटारीत पदर उडतो, तो दाताखाली धरायचा, म्हणजे तोंडही बंद राहतं, असं आमचे हे म्हणाले असते.

पुढे साहेब बसला होता आणि त्याचा हात सारखा कातड्याच्या बॅगेवर. रस्त्यात हवालदार दिसला की हात आत. भोसरीच्या अलीकडे एकाने मोटार थांबवली, तर साहेबाने विचारायच्या आधीच पाच-सहा कागद काढून धरले. हवालदाराला फक्त पुढच्या गावापर्यंत बसायचं होतं. वकील हसले, मग मला सांगू लागले. बाहेरून यंत्र आणायचं तर दिल्लीचा परवाना, शेतात भिंत बांधायची तर कलेक्टरचा परवाना, कामगार ठेवायचे तर त्याचा वेगळा कायदा, आणि संध्याकाळी औषधापुरती घ्यायची म्हटली तर दारूबंदीचा परवाना. बरं, आज काढलेला कागद उद्या चालेल याचा भरवसा नाही, मधेच नवा नियम येतो. साहेबाच्या कंपनीने दुसऱ्या कुठल्या मुलखात असाच कारखाना बांधला, छप्पर चढल्यावर कुणी तरी जमिनीवर हक्क सांगत आलं, आणि यंत्रं सहा वर्षं गंज खात पडली. तेव्हापासून याला झोप नाही म्हणे. मला त्याची दया आली. शिदोरीतला एक लाडू दिला. त्याने तो आधी निरखून पाहिला, जसा काही त्यालाही परवाना लागतो.

कासारवाडीवरून पिंपरीला आलो. तिथे निर्वासितांच्या वसाहतीत एक सिंधी बाई तळलेली डाळ विकते, एक आण्याला मूठभर, झणझणीत. जाल तेव्हा जरूर घ्या. चिंचवडला गणपतीला हात जोडले, दत्तूचं नाव घेतलं. पुढे नदी. या दिवसांत पवनेला गुडघाभर पाणी असतं, मोटार अलीकडे लावायची आणि चालत उतरायचं. दगड शेवाळलेले असतात, चपला हातात घ्या. साहेबाने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट गळ्यात अडकवले, आणि बॅग डोक्यावर. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका बघतच राहिल्या.

गणपत काठावरच उभा होता, नवा फेटा बांधून. घरी जाऊन पाणी प्यालो, माझ्या भावजयीने, हौसाने, पायावर पाणी घातलं. दोन पंच आले. वकिलांनी सातबाराचा उतारा पुन्हा वाचून दाखवला. जमीन गणपतची, कसणारा कोण, तर खुद्द. सगळं स्वच्छ. सही घरीच करा, असं गणपत म्हणत होता, पण मी रान बघूनच सही करायची, असा साहेबाचा हट्ट. मग सगळे रानात गेलो.

माझं माहेरचं रान हो ते. बांधावरचा आंबा, विहीर, लहानपणी जिथून पडले तो दगड, सगळं साहेबाला दाखवत सुटले. वकील मराठीचं त्याच्या भाषेत करता करता दमले. कोपऱ्यात आमचा म्हसोबा आहे, कडुनिंबाखाली. त्याला ताजा शेंदूर, नारळाची करवंटी, सगळं नुकतंच केलेलं. साहेब वाकून बघू लागला आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी कौतुकाने सांगितलं, अक्षय्य तृतीयेला करतात, पेरणीच्या आधी. आमच्याकडे म्हसोबाला शेंदूर लावायचा मान मालकाचा नाही, जो नांगर धरतो त्याचा. ही भीमाबाई लावते. तिच्याआधी तिचा नवरा लावायचा, त्याच्याआधी तिचा सासरा.

वकिलांनी ते साहेबाला सांगितलं नाही. त्यांचं पेन थांबलं होतं.

"भीमाबाई कोण?" त्यांनी विचारलं.

मला तेव्हा कळलं मी काय बोलून बसले ते. गणपतचा चेहरा फेट्यापेक्षा लाल झाला. तो म्हणाला, मजूर बाई आहे, रोजावर येते. भीमाबाई पलीकडे शेणखत पसरत होतीच. तिला बोलावलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली, गणपतकडे पाहिलं आणि म्हणाली, "मालक सांगतील तसं."

मग वकिलांनी उन्हातच सगळ्यांना समजावलं. बाई रोजावर असेल तर काही प्रश्न नाही, आज सही होईल. पण ती वाट्याने कसत असेल तर नव्या कायद्याने ती कूळ. मग कागदावर कुणाचंही नाव असो, तिला डावलून जमीन विकता येत नाही, घ्यायचा पहिला हक्क तिचा. आणि आज लपवलं तर उद्या कारखाना उभा राहिल्यावर ते निघेल. तसं असेल तर साहेबाला पुन्हा विचार करावा लागेल, कदाचित दुसरीकडे जागा बघावी लागेल. मग ते माझ्याकडे वळले. घरातली मोठी मी. माझ्या सहीच्या कागदावर, ही जमीन दुसरं कुणी कसत नाही, असंही एक वाक्य होतं.

"अक्का, सांग की त्यास्नी," गणपत म्हणाला. "रोजावर हाय म्हणावं. दत्तूचा इचार कर."

दत्तूचाच विचार करत होते मी. दत्तूचा नाही, शकूचा. कडुनिंबाखाली तो लाल दगड, आणि त्यासमोर मी खोटं बोलणार. भीमाबाईकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघतच नव्हती, पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत होती. सासऱ्यापासून तिघांनी फोडलेली ढेकळं ती.

"अर्धेलीनं कसती," मी म्हटलं. "निम्मं पीक तिचं. तिचं घरच कसतंय, माझ्या लग्नाच्या आधीपासनं."

गणपतने फेटा काढून खांद्यावर टाकला आणि विहिरीकडे निघून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

जेवण ठरल्याप्रमाणे झालं, पिठलं, भाकरी, ठेचा. कुणाला गोड लागलं नाही. साहेबाने ठेचा भाकरीला लोण्यासारखा फासला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेवढंच काय ते हौसा हसली. वकिलांशी त्याचं बराच वेळ चाललं होतं. दरवेळी तो मान हलवायचा, तेव्हा मला वाटायचं, गेला कारखाना. शेवटी वकिलांनी सांगितलं. फार स्वच्छ कागदाचीच साहेबाला जास्त भीती वाटते. आता कागदात काय नाही ते कळलं, म्हणून तो लगेच नाही म्हणत नाही. पण होही म्हणत नाही. पुण्याला जाऊन भीमाबाईचं नाव लावता येतं का, ती राजी असली तर तिला काय द्यायचं, कलेक्टर परवानगी देईल का, हे बघायचं. दुसरी जागाही बघून ठेवायची. माझी सही न करताच कागद बॅगेत गेला.

भीमाबाईने तेवढं एक विचारलं, पेरणी करू का नको. वकील म्हणाले, करा.

मी रात्री राहिले. सकाळी माझी पिशवी गणपतनेच उचलली आणि नदीपलीकडे आणून सोडली. पाण्याच्या मधोमध म्हणाला, "आबा असते तर त्यांनीबी हेच सांगितलं असतं, म्हणून राग येतो तुझा." एवढंच.

परत येताना टांग्याने कासारवाडी, टांगेवाला आठ आणे मागतो, पाच सांगा, सहाला येतो. तिथून एस.टी. खिडकीची जागा उजव्या हाताला धरा, दुपारचं ऊन लागत नाही. चाकणला उतरले तर सोनाबाई थांब्यावरच. साहेबाने काय दिलं, हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, वायदा.

आता घरी बसून मन खातं. दत्तूला पत्र लिहायला घेतलं, दोन ओळींवर अडलंय. कारखाना येईल का पलीकडच्या मुलखात जाईल, मला ठाऊक नाही. शकूसाठी शिवलेलं झबलं पेटीत आहे, दर आठ दिवसांनी काढून बघते, लहान तर होणार नाही ना. तरी एक सांगते, त्या रानात पुन्हा गेले तर म्हसोबासमोर उभी राहू शकेन.

निघताना साहेबाने बोटांवर दिवस मोजून वकिलांकरवी सांगितलं, येणार. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. मोटार या खेपेला आधी भीमाबाईच्या दारात थांबायची आहे, हे सोनाबाईला अजून सांगितलेलं नाही.