दसऱ्यानंतर न पेटलेली भट्टी

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. बाकीचे गुन्हे विसरत चाललो, हे प्रकरण मात्र पाठ सोडत नाही. नावं मुद्दाम घेत नाही.

सुरतेच्या कडेला कचरा जाळून वीज करण्याचा एक प्रकल्प होता. जमीन सरकारची, बांधकामाचं अनुदान सरकारचं आणि जाळलेल्या प्रत्येक टनामागे खासगी कंपनीला पैसेही सरकारच देत होतं. प्रकल्पामागे कचऱ्याचा डोंगर साचला होता. होळीच्या आधी त्याला आग लागली आणि चिंध्या वेचणारी एक बाई त्यात जळून मेली. कंपनीच्या व्यवस्थापकाने फिर्याद दिली की भट्टीवाल्याने गरम राख ढिगावर फेकली, त्यातून आग लागली. मी पी.आय. होतो. भट्टीवाल्याला त्याच दिवशी अटक केली.

हा माणूस खानदेशातला, सुरतेत डिंडोलीला राहणारा. आधी बमरोलीच्या मिलमध्ये बॉयलरवर बरीच वर्षं काढलेली. कोठडीत दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. मला वाटलं, गुन्हेगारच आहे.

तिसऱ्या दिवशी प्रकल्पाच्या फाटकासमोरचा चहावाला आमच्या हवालदाराच्या कानाला लागला. "साहब, इतने महीने से बैठा हूं, उस चिमनी से धुआं निकलते कभी नहीं देखा."

मी पुन्हा आरोपीसमोर बसलो. आमच्या घरीही अहिराणीच. "भाऊ, खरं सांग, भट्टी चालू व्हती का?"

घरची बोली ऐकली आणि तो रडायलाच लागला. "कधी पेटनीच नही साहेब. वल्ला कचरा, डिझेलना पैसा कोनी देत नही. सायेब लोके सांगेत, रजिस्टरवर सही कर. मी रोज करू."

तेव्हा त्याची अडचण कळली. भट्टी पेटत होती म्हणावं, तर राख त्याच्या गळ्यात. पेटत नव्हती म्हणावं, तर रोजच्या खोट्या सह्या त्याच्या गळ्यात. ढीग कमी दिसावा म्हणून व्यवस्थापकच त्याला अधूनमधून ढिगाला काडी लावायला सांगत असे. त्या दिवशीही त्याने लावली; बाई आत आहे का, हे कुणी पाहिलं नाही.

मी त्याला म्हणालो, "हे मॅजिस्ट्रेटसमोर सांग. तुला काही होऊ देणार नाही."

मग पंचांना घेऊन प्रकल्पावर गेलो. व्यवस्थापकाने तयारी चोख ठेवली होती. फरशी धुतलेली, भट्टीच्या तोंडाशी राखेचा ढीग, रजिस्टरात रोज आठशे अंश. पण भट्टीच्या लोखंडी दारावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. कडीला वाळलेल्या झेंडूची माळ, नाडाछडीने, म्हणजे पूजेच्या लाल-पिवळ्या दोऱ्याने बांधलेली. दसऱ्याला भट्टीवाल्याने यंत्राची पूजा केली होती, मिलमध्ये करायचा तशीच. दसऱ्याला पाच महिने झाले होते. आठशे अंशाच्या दारावर सुतळीचा धागासुद्धा तासभर टिकत नाही, इथे नाडाछडीचा रंगही उडाला नव्हता. साफसफाई करणारे कामगारही आमच्याच भागातले. सगळं पुसलं, पण देवाच्या पूजेवर फडकं फिरवायला एकही तयार झाला नाही. राख तपासणीला पाठवली, ती कचऱ्याची नव्हे, कुठल्याशा मिलमधून आणलेल्या दगडी कोळशाची निघाली.

मी खूश झालो. आता साखळी वर जाणार होती. दर महिन्याला एका सरकारी अभियंत्याने 'भट्टी समक्ष पाहिली, चालू आहे' असा दाखला दिला होता. त्या दाखल्यावर कंपनीला पैसे सुटत होते. संबंधित खात्यांना पत्रं लिहिली. पहिल्याने कळवलं, आम्ही फक्त जमीन दिली. दुसऱ्याने कळवलं, आम्ही फक्त अनुदान दिलं. तिसऱ्याने कळवलं, देखरेख पहिल्याकडे आहे. काही ना काही सगळ्यांनीच दिलं होतं आणि जबाबदारी कुणाचीच नव्हती.

आठवड्याभरात वरून बोलावणं आलं. साहेब शांतपणे म्हणाले, "तपास एका बाईच्या मृत्यूचा आहे. सरकारी योजनेत कशाला शिरता? आरोपपत्रातून अभियंत्याचा मजकूर काढा."

मी काढला. लाज वाटते सांगायला, पण कुणी हात पिरगाळला नव्हता. पेन्शन दोन वर्षांवर आली होती.

व्यवस्थापकालाही मी आरोपी केलं होतं, त्याने मोठा वकील दिला. आग लावायचा हुकूम तोंडी होता, साक्षीदार फिरले, तो सुटला. उरल्या रजिस्टरातल्या सह्या आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब. मीच द्यायला लावलेला. शिक्षा झाली ती एकट्या भट्टीवाल्याला. प्रकल्पाला पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी नवं अनुदान मंजूर झालं.

निकालानंतर कोर्टाच्या व्हरांड्यात शिपाई त्याला नेत होते. मी भिंतीकडे सरकलो, तरी त्याने पाहिलंच. रागाने नाही, खरोखर कळत नाही म्हणून विचारलं, "साहेब, मी तर खरंच सांगनं ना?"

मी होकारार्थी मान हलवली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माणसांकडून खरं काढून घेण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. ज्यांच्या हाती काहीच नसतं त्यांच्याकडूनच मी ते काढत आलो, हे त्या दिवशी कळलं.