पट्टा सैल

“पट्टा सैल!”

बाईंचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा पट्ट्याच्या एका टोकाला भोंबल नावाचा काळा, केसाळ, वासराएवढा कुत्रा होता आणि दुसऱ्या टोकाला मी. दोघांत जास्त कोण घाबरलं होतं, ते तुम्हीच ठरवा. मी पट्टा दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरला होता. त्यामुळे भोंबलची मान वर ताणली जात होती, तो गुरगुरत होता, आणि तो गुरगुरला की मी आणखी ओढत होतो.

“अहो नागपूरकर, भीती पट्ट्यातून खाली उतरते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही ओढलंत की त्याला वाटतं, समोर नक्की काहीतरी भयंकर आहे. घाबरायचं तर खुशाल घाबरा, पण पट्टा सैल.”

खुशाल घाबरा! त्या परवानगीची मला गरज नव्हती, घाबरट मी लहानपणापासूनच होतो. सातव्या वर्षी एक कुत्रं चावलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलायचो. त्यात बँकेनं बदली केली ती कलकत्त्याला, सत्तरच्या आगेमागे. आमचं घर बेहाला भागात. तेव्हाचं बेहाला ज्यांनी पाहिलं असेल त्यांना जास्त सांगायला नको. भिंती घोषणांनी रंगलेल्या असायच्या, संध्याकाळ झाली की गल्ली ओस पडायची आणि कुठंतरी पेटो फुटायचा. पेटो म्हणजे गावठी बॉम्ब. बायको बाळंतपणाला नागपूरला होती. मी ऑफिसातून आलो की दाराला दोन कड्या लावून बसायचो.

बाई खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मराठी घरातल्या, पण जन्म कलकत्त्यातला, लग्न केलं नव्हतं, तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्याशी मराठी अगदी छापील बोलायच्या, पण भोंबलला समजवायचं ते बंगालीतच. पाड्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली माणसं त्यांना माशीमा म्हणायची, आपल्याकडची मावशी. मला ताप आला तेव्हा चार दिवस त्यांनी वरण-भात वर पाठवला होता. खाल्ल्या वरणाला जागावं लागतं. म्हणून त्या उजवा हात प्लास्टरमध्ये घालून माझ्या दारात आल्या, तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

“न्हाणीघरात घसरले,” त्या म्हणाल्या. “सहा आठवडे प्लास्टर. पुतण्या म्हणतो, कुत्रा द्या आता. खिदिरपूरला बंदरावरच्या गोदामात राखणीला हवाच आहे त्यांना. तिथं दिवसरात्र साखळीला बांधतील हो त्याला. तुम्ही फक्त फिरवा. मी बरोबर येते.”

अशी आमची तिघांची वरात रोज पाच वाजता निघू लागली. निघण्याआधी बाई डाव्या हाताची दोन बोटं भोंबलच्या गळपट्ट्यात घालून बघायच्या. बोटं गेली की ठीक, नाहीतर एक भोक सैल. मग खाली वाकून हाताची मागची बाजू डांबरावर टेकवायच्या. हाताला चटका बसला तर सावलीच्या बाजूनं जायचं. ट्रामच्या बाजूला माणूस, आतल्या बाजूला कुत्रा. पाड्यातली भटकी कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, त्यांच्या डोळ्यांत बघायचं नाही, वळसा घालून जायचं. आणि पट्टा मनगटाला कधीच गुंडाळायचा नाही. “मुठीत धरा. सुटला तर सुटू दे, माणूस फरफटता कामा नये.”

हा शेवटचा नियम त्या रोज सांगायच्या. मला वाटायचं, शाळेतली सवय.

अडचण एकच होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी आलं की भोंबल बसायचा. थरथर कापायचा, लाळ गाळायचा. तिथं थोड्याच दिवसांपूर्वी पेटो फुटला होता. आम्ही ओढत नसू. बाई नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या. “भय नेई भोंबल, भय नेई.” भीती नाही, भीती नाही. पाच मिनिटं थांबून आम्ही परत फिरायचो. दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढं. रस्त्यात बसकण मारणारा कुत्रा ठेवायचा कशाला, असं म्हणणारा पुतण्या दर रविवारी येऊन विचारायचा, “गेला का पुढं?” आणि बाई खोटं न बोलता म्हणायच्या, “जातोय.”

पाचव्या आठवड्यात भोंबल त्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेला. बाईंनी त्याला खिशातलं बिस्किट दिलं. तेवढ्यात पलीकडच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. मग शेजारचं. मग रांगेनं सगळी. कुणीतरी ओरडलं, “पालाओ! पालाओ!” माणसं आमच्या अंगावरून पळू लागली आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज झाला. कान बधिर झाले. धुराचा वास आला. भोंबलनं अशी उसळी मारली की माझा खांदा निखळला असं वाटलं, आणि मी काय केलं असेल? पट्टा मनगटाला गरगर गुंडाळला.

“सोडा! गुंडाळू नका! पट्टा सैल!”

बाईंचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगतो, मला तिथंच रडू फुटलं होतं. तरी मी एक वेढा सोडला. दुसरा सोडला. पट्टा खाली लोंबू लागला. भोंबल पळाला नाही. तो वळून माझ्या दोन पायांच्या मध्ये घुसला आणि तिथं कापत राहिला.

मग मला पाठीमागे ओढ जाणवली. बाईंनी डाव्या हातानं माझा शर्ट मागून मुठीत धरला होता. इतका घट्ट, की बगलेची शिवण उसवली होती. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

“बाई,” मी म्हणालो, “पट्टा सैल.”

त्यांनी मुठीकडे पाहिलं. ती उघडायला बराच वेळ लागला. औषधवाल्यानं अर्धं शटर वर करून आम्हा तिघांना आत घेतलं. तिथं खोक्यावर बसून त्या हळूच म्हणाल्या, “मी न्हाणीघरात नव्हते घसरले. मागचा पेटो फुटला त्या दिवशी इथंच होतो आम्ही. भीतीनं मीच गुंडाळला पट्टा. जन्मभर लोकांना शिकवलं, आणि मीच. त्यानं मला कोपऱ्यापलीकडच्या त्या खांबापर्यंत फरफटत नेलं. सांगितलं असतं, तर पुतण्यानं त्याच दिवशी नेला असता त्याला.”

मी कुणाला सांगितलं नाही. आज प्रथमच सांगतोय.

तासाभरानं बाहेर आलो. घराची वाट डावीकडे होती. भोंबल उजवीकडे, कोपऱ्यापलीकडे गेला, त्याच खांबाशी पाय वर केला आणि सावकाश परत आला. बाई हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. पुढच्या रविवारी पुतण्यानं विचारलं, तेव्हा मीच उत्तर दिलं, “गेला.” खिदिरपूरचा विषय पुन्हा निघाला नाही.

प्लास्टर निघालं तरी मी रोज पाच वाजता खाली जायचो. वर्षानं नागपूरची बदली आली. त्यानंतर दोन वर्षांनी औषधवाल्याचं पत्र आलं, आधी भोंबल गेला आणि थंडीत माशीमा गेल्या. पत्र वाचून मी दाराला कडी लावली आणि पोटभर रडलो. कुत्र्यांना मी अजून भितो.

बाई मला दिसतात त्या निघायच्या दिवशीच्या. टॅक्सीच्या मागच्या काचेतून. कोपऱ्यावर त्या आणि भोंबल उभे होते. तेवढ्यात कुणाचं तरी शटर धाडकन पडलं. मी टॅक्सीत दचकलो. तिकडे भोंबल दचकला, बाईही दचकल्या. दोघांच्या मधला पट्टा मात्र तसाच खाली लोंबत राहिला.