फॅमिली म्हणजे कोण?

वर्ध्याच्या कचेरीतला जो तो बाबू त्या काळी बायकोला फॅमिली म्हणायचा. 'फॅमिली माहेरी गेली', 'फॅमिलीले ताप आहे'. बायको म्हणताना जिभेला काटे टोचायचे. फॅमिली म्हटलं की झाले साहेब! आमचे हेही त्यातलेच. इंग्रजीपायी मॅट्रिक हुकली, पण तोरा असा, की कालच विलायतेहून उतरले.

पुढे मुलांच्या पुस्तकांवरून मी इंग्रजी अक्षरं लावायला शिकले. जाड शब्दकोश उघडून बघते तर काय, हा शब्द मुळात लॅटिनातला, घरच्या नोकरचाकरांचा! मागाहून त्यात सगळं घरदार आलं. एकटी बायको कुठंच नव्हती. ती घुसवली आमच्या बाबूंनी. ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणतात, "छापणाऱ्याची चूक असंन."

तर झालं काय, पन्नास-साठच्या मधली गोष्ट. ह्यांच्या नव्या साहेबांनी 'फॅमिलीला घेऊन जेवायला या' म्हटलं. सासूबाई तेव्हा वडनेरहून आमच्याकडे आल्या होत्या. साहेबाचं घर आतून पाहायची त्यांना भारी हौस. सकाळी अर्धीच भाकर खाल्ली, ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि दारात उभ्या.

"माय, तू कुठं निघाली? सायबानं फॅमिलीले बोलावलं."

"मंग मी कोन आहो रे?"

"तुले नाई समजत. इंग्रजी आहे ते."

त्या खाटेवर जाऊन बसल्या.

साहेबांच्या घरी त्यांच्या बाईसाहेब आमच्या मागे रस्त्याकडेच पाहत राहिल्या. "दोघंच? मी तर सगळ्यांचा स्वयंपाक केलाय. आई नसतात का तुमच्याकडे?"

"आई वडनेरले राह्यते," हे बेधडक म्हणाले.

माझी जीभ कुठली गप्प बसते! "राहतात वडनेरला, पण आज घरीच आहेत. लुगडं नेसून बसल्यात."

साहेबांनी लगेच चपराशाला टांगा घेऊन पाठवलं. टांगा येईस्तोवर ह्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

सासूबाई उतरल्या तशा बाईसाहेब पुढे झाल्या. "या, आई. तुमच्याशिवाय कसली हो फॅमिली?"

"मी नाई बाई याची फॅमिली," सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "मी याची नुसती माय आहो."

आणि लेकाशेजारचा रिकामा पाट सोडून थेट साहेबांशेजारी जाऊन बसल्या. बासुंदी मागून घेतली.