वर्षातला सर्वांत मोठा आकडा

सरासरी या शब्दाचा इतका मनापासून द्वेष करणारा दुसरा माणूस सावित्रीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, आणि तो नेमका माझा साडू निघावा हा माझ्या कुंडलीतला दोष. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे हे यजमान. महाडला गणित शिकवण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते गणित इतरांच्या हयातीत शिरलं. ‘यंदा सरासरीइतका पाऊस’ अशी बातमी वाचली की त्यांचा चेहरा चहात माशी पडल्यासारखा व्हायचा. ते म्हणत, “सरासरीनं आजवर कुणाचं घर बुडालंय? घर बुडतं ते सर्वांत मोठ्या आकड्यानं.” त्यामुळे दर वर्षीचा तेवढा एकच आकडा ते वहीत लिहीत आणि बाकीचे फेकून देत. नदीचं पाणी वर्षात जास्तीत जास्त किती चढलं, याची तीसेक वर्षांची नोंद त्यांच्याकडे होती, हे एक वेळ समजू शकतं. पण परसातल्या फणसाचं सर्वांत मोठं फळ आणि ताईंचा त्या वर्षीचा सर्वांत मोठा राग, यांचेही रकाने त्याच वहीत होते. राग मिनिटांत मोजलेला असे. ताईंना याचा पत्ता लागला त्या वर्षी त्या रकान्यातला जुना उच्चांक मोडला.

मी पोलादपूरला राहतो. नदी आधी आमच्याकडून जाते आणि मग महाडला, एवढ्या एका भौगोलिक कारणासाठी माझ्या अंगणात साडूंनी एक बादली ठेवली होती. पावसाळ्यात रोज सकाळी सहाला फोन यायचा. “किती?” बस. क्षेमकुशल नाही, बायकोची चौकशी नाही. एकदा मी तापानं फणफणलो होतो, तसं सांगितलं. “ताप किती?” त्यांनी विचारलं. मी एकशे दोन म्हणालो. “यंदाचा सर्वांत जास्त का?” एवढं विचारून पुन्हा बादलीवर आले.

हवामानाचा अंदाज सांगणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. माझ्या पुतण्याच्या बारशाला, पंगत बसलेली असताना, त्यांनी खिशातून दोन कॅल्क्युलेटर काढले. दोन्हींवर जवळजवळ एकच आकडा घातला, फरक फक्त दहाव्या दशांश स्थळाला. मग दोन्हींवर तीच ती कृती पुन्हा पुन्हा करत बसले. वाढपी भात घेऊन तिष्ठत उभा. चाळीसेक वेळा झाल्यावर दोन्ही आकड्यांची तोंडं दोन दिशांना झाली. “बघा, केसाएवढा फरक होता,” ते शेजारच्या आजोबांना म्हणाले. “कधी काय होईल ते म्हणून सांगता येत नाही. पण जास्तीत जास्त किती वाईट होईल आणि किती वर्षांत एकदा होईल, हे मात्र सांगता येतं.” आजोबा म्हणाले, “आधी भात घ्या.” कुणी म्हणालं की मोठा पूर आमच्या आजाच्या काळात येऊन गेला, आता शंभर वर्षं चिंता नाही, तर त्याची अर्ध्या तासाची निश्चिंती. “पाण्याला कॅलेंडर वाचता येत नाही. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी शंभरातला एक वाटा. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी तो वाटा कमी होत नाही.” लोक मान हलवायचे आणि दुसऱ्या चहाच्या टपरीवर जायचे.

एवढं ज्ञान असलेल्या माणसानं स्वतःच्या वह्या कुठे ठेवाव्यात? सखल आळीतल्या तळमजल्याच्या घरात, एका फळीवर. त्या फळीची उंची त्यांनी आकडेमोड करून ठरवली होती. तिच्यावर पाणी येण्याची शक्यता इतकी लहान होती म्हणे की तिची काळजी करणं हा वेळेचा अपव्यय. ताई मात्र दर जूनमध्ये देव, दागिने आणि घराची कागदपत्रं उचलून वरच्या आळीतल्या मैत्रिणीच्या माडीवर नेऊन ठेवायच्या. त्यांच्याकडे सूत्र नव्हतं. तीन वेळा भिजलेल्या गाद्या वाळवल्याचा अनुभव होता.

मग एका जुलैत पहाटे पाणी आलं. माणसं वेळेत वर गेली. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा भिंतीवरची चिखलाची रेघ फळीच्या हातभर वर होती. वह्यांचा लगदा झाला होता. साडूंनी तो हातात घेतला, दाबला, शाई आणि पाणी बोटांमधून गळलं. मग तो खाली ठेवला. आणि ते थेट शेजारच्या सखारामकडे गेले.

सखाराम मूळचा उमरठचा, औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा. शेजारच्या खोलीत बायको आणि वर्षाच्या मुलीसह भाड्यानं राहायचा. तो फावडं घेऊन चिखल काढत होता. साडू म्हणाले, “सखाराम, बंद कर. सगळ्यांना घेऊन वर चल. मोठ्या गोष्टी एकट्या येत नाहीत, आंब्यासारख्या घोसानं येतात. निसर्ग एकदा त्या वळणावर आला की लगेच लांब जात नाही, तिथंच घुटमळतो.”

“सर, तुमचं गनित बरोबर असंल,” सखाराम म्हणाला, “पन हा चिखल सुकला की दगड होतो. मंग फावडं चालत नाय.”

साडू त्याच्या उंबऱ्यातच, चिखलात, मांडी घालून बसले. सत्तरीच्या शिक्षकाला ओलांडून घमेलं कसं न्यायचं? सखारामनं शेवटी फावडं टाकलं आणि मुलीला उचललं. दिवसभर सगळे माडीवर बसून राहिले. ऊन पडलं. नदी गाईसारखी शांत वाहत होती.

“सर, पानी आलं नाय,” संध्याकाळी सखाराम म्हणाला.

“नाही आलं.”

तेवढंच. पुढचे दोन दिवस सखाराम पहारीनं चिखल फोडत होता, कामावर खाडा करून. आळी हसत होती. सखाराम हसला नाही आणि रागावलाही नाही, ते साडूंना जास्त लागलं असावं. चौथ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की घोस संपला, आता भीती नाही. ताई अजून माडीवरच होत्या. हे एकटे घरी आले, नुसत्या खाटेवर आडवे झाले आणि दुपारची झोप काढू लागले.

त्या दुपारी पाणी पुन्हा आलं.

सखाराम दार लोटून आत शिरला तेव्हा पाणी खाटेला लागलं होतं आणि साडू घोरत होते. त्यानं त्यांना पाठुंगळीला घेतलं. रस्त्यात पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं.

“सखाराम, थांब. दाराच्या चौकटीवर खूण करून ये.”

“खूण ऱ्हाऊ दे. मानेला धरा.”

“पण किती चढलंय ते कळलं पाहिजे.”

“माझ्या छातीपर्यंत. धरा घट.”

वर पोचल्यावर ताईंनी जो राग केला तो मोजायला कुणाजवळ घड्याळ नव्हतं. तो राग निम्म्यातच रडण्यात गेला.

ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस लोकांना रंगवून सांगितली. घोस बरोबर ओळखणारा आणि त्याच घोसात झोपणारा गणिती म्हटल्यावर हशा ठरलेला. पण पुढच्या पावसाळ्यात सकाळी सहाला फोन आला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. एका सकाळी बादली काठोकाठ भरलेली पाहून मीच फोन लावला. “बादली भरली,” म्हणालो. पलीकडून “बरं” एवढंच आलं. त्यांनी ते लिहिलं नसणार, हे मला आवाजावरून कळलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याविषयी वाईट वाटलं.

उपाय सखारामनं काढला. दिवाळीनंतर तो गावाहून आपल्या आईला घेऊन आला. तिचं माहेर महाडचं, नदीकाठचं. “सर, हिला इचारा. हिला समदं आठवतं.” म्हातारीनं सांगितलं की तिचं लग्न ठरलं त्या साली पाणी जात्यावर आलं होतं, आणि सखारामच्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली त्या साली चुलीपर्यंत. साडू आधी म्हणाले, आठवण म्हणजे नोंद नव्हे, शास्त्राला हे चालत नाही. मग विचारलं, जातं जमिनीपासून किती उंच होतं? म्हातारीनं तळहात आडवा धरून दाखवला. ते उठून फूटपट्टी घेऊन आले. ताईंनी न सांगता नवी वही पुढ्यात ठेवली.

मग चवदार तळ्याजवळच्या निवृत्त शिक्षिका आल्या, पेठेतला शिंपी आला. कुणाचं पाणी पाळण्याला लागलेलं, कुणाचं शिलाईयंत्राच्या पायडलला. मी एकदा गेलो होतो तेव्हा नदीकाठची एक वयस्क बाई समोर बसली होती. साडूंनी मधल्या एका वर्षाबद्दल विचारलं.

ती म्हणाली, “त्या साली पानी आलं का नाय, मला नाय आठवत. त्या साली आमचे हे गेले.”

मला वाटलं आता ते चिडणार, पुढचं वर्ष विचारणार. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. मग खाली वाकून, नेहमीच्या बारीक अक्षरात, त्या वर्षासमोर त्यांनी तेवढंच लिहिलं: यजमान गेले.