काळी चारच्या खाली

मला गाता येत नाही, हे वडिलांनी मला पंधराव्या वर्षी सांगितलं आणि त्यानंतर मी ते कधी तपासून पाहिलं नाही. वडील, म्हणजे आमचे अण्णा, लातूरजवळच्या मुरुडच्या महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळाचे म्होरके. पंचक्रोशीत त्यांच्या आवाजाचा दबदबा होता. त्यांनीच नाही म्हटल्यावर अपील कुठे करणार?

तोवर मी दर सोमवारी त्यांच्या शेजारी बसून भजन म्हणायचो. लहानपणी आवाज छान वर चढायचा. मग मिसरूड फुटलं, आवाजही फुटला, आणि एका सोमवारी ध्रुपद, म्हणजे पालुपदाची ओळ, धरताना माझ्या गळ्यातून असं काही निघालं की पखवाजवाल्याचा हात थांबला. अण्णांनी भजन पुरं केलं आणि उठता उठता सगळ्यांदेखत म्हणाले, "तू आता नुसता टाळ वाजव. तोंड हलव, पर आवाज काढू नको." लोक हसले. मीही हसलो, कारण रडलो असतो तर जास्त हसले असते. आईने महिनाभर ज्येष्ठमध चघळायला लावलं. पुडी संपली, आवाज काही परत आला नाही.

पुढे लातूरच्या एका शाळेत गणिताचा मास्तर झालो. तीस वर्षं रोज सकाळी पोरांसमोर उभं राहून प्रार्थनेला तोंड हलवलं. शपथेवर सांगतो, एक शब्दही बाहेर पडू दिला नाही. आणि पोरांपैकी कोण नुसते ओठ हलवतंय, हे मात्र मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. गाणाऱ्याची मान ताणते, छाती वर होते. न गाणाऱ्याचे फक्त ओठ हलतात, तेही जरा मागून. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. अशांना मी पुढे बोलावून दरडावायचो, यापेक्षा मोठा लबाडपणा दुसरा नसेल.

निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत बायको माझ्यामुळे बेजार झाली. मी म्हणे भाजी चिरण्यातही चुका काढत होतो. आमच्या कॉलनीतल्या महादेवाच्या देवळात सोमवारी संध्याकाळी पुरुषांचं भजन असतं. तिथे पेटी वाजवणारे गृहस्थ आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. एक दिवस फाटकाशी उभे राहून म्हणाले, "सर, बसा की आमच्यात. माणसं कमी पडून राहिलीत."

"मला गाता येत नाही."

"टाळ येतो न्हवं?"

मी उत्तर देण्याआधी बायको आतून ओरडली, "येतो, येतो! पाच वाजता पाठवते."

असा मी साठाव्या वर्षी मंडळात गेलो. बावीस माणसं. पुढे बसून भजन म्हणणारे एक किराणा दुकानदार होते, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज खणखणीत. पेटीवर गाण्याचा सूर कुठून धरायचा त्याला पट्टी म्हणतात, आणि त्यांची पट्टी ठरलेली होती, काळी चार. आमच्या भागात बहुतेक मंडळं तिथूनच गातात. काळी चार म्हणजे चांगलंच उंच. अण्णांचीही तीच होती. मी मागच्या ओळीत बसलो, टाळ धरला आणि इमानदारीत तोंड हलवायला लागलो.

तिसऱ्या सोमवारी चप्पल घालताना पेटीवाल्यांनी मला गाठलं. "सर, तुमच्याकडून आवाज येऊन न्हाई राहिला."

"सर्दी झालीय."

"तीन सोमवार?"

या माणसाने बत्तीस वर्षं बॉनेटवर कान ठेवून इंजिनात काय बिघडलंय ते ओळखलं होतं. त्याच्यापुढे माझी सर्दी किती टिकणार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला घरी बोलावलं आणि पेटी पुढे ओढली. आधी काळी चार दाबली. माझ्या गळ्यातून पंधराव्या वर्षाचाच आवाज निघाला, बिचारा इतकी वर्षं तिथेच थांबलेला. मी उठायला लागलो.

"बसा हो. चढावर गाडी तिसऱ्या गिअरात घातली तर ती कण्हणारच." मग ते एकेक पट्टी खाली आले. काळी तीन, काळी दोन, काळी एक. शेवटी पांढरी एक दाबून म्हणाले, "म्हणा." मी म्हटलं. आवाज भरलेला, जाड आणि सरळ आला. माझा आहे हे मला पटेना. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तसाच आला.

"आवाज बिघडला न्हवताच सर. तुमचा गळाच खालचा हाय. कुणी खालून धरून बघितलं न्हाई, एवढंच."

मला आनंद व्हायला हवा होता, पण मला राग आला. चांगलाच आला. पंचेचाळीस वर्षं! त्यांच्याकडचा चहा पिता पिता मी मनाशी ठरवून टाकलं की अण्णांना एकदा ऐकवायचं. समोर बसवून ऐकवायचं आणि ते वाक्य त्यांना परत घ्यायला लावायचं. अण्णा तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते, त्यामुळे फार वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

पण आधी मंडळाला खाली आणायला हवं होतं. किराणावाले म्हणाले, "काळी चारच्या खाली भजन म्हंजे बिनफोडणीचं वरण." पेटीवाल्यांनी वाद घातला नाही. पुढच्या सोमवारी चौथं भजन त्यांनी गुपचूप पांढरी एकमध्ये सुरू केलं, आणि मागची अख्खी ओळ जागी झाली. पोस्टातले, औषधाच्या दुकानातले, कोण कोण. नंतर हसत हसत कबुल्या झाल्या. बावीसातले नऊ जण माझ्यासारखेच वर्षानुवर्षं तोंड हलवत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. किराणावाल्यांनी कुरकुर केली, पण दर सोमवारची दोन भजनं खालच्या पट्टीला सोडली. त्या दोन भजनांसाठी मी आठवडाभर घरात गुणगुणत असायचो. बायको म्हणाली, भाजीच बरी होती.

अण्णांनी मात्र सात वर्षांपूर्वीच मुरुडचं मंडळ सोडलं होतं. चाळीस वर्षं पुढे बसलेला माणूस एका सोमवारी गेलाच नाही. विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतात. देऊळ आमच्या दारासमोर आहे, आणि त्याच गुडघ्यांनी ते रोज माळवदावर चढून तुरी वाळत घालायचे. आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आलं नाही. गणित शिकवून काय उपयोग.

श्रावणातल्या एका सोमवारी मुरुडच्या देवळाने आमच्या मंडळाला बोलावलं. दोन जीप करून आम्ही दुपारी पोचलो. मी वाक्य तयार करून नेलं होतं, रस्ताभर घोकत होतो. भजन झालं की सगळ्यांदेखत म्हणणार होतो, "अण्णा, ऐकलंत ना? आता सांगा, मला गाता येतं की नाही." मुलगा आलाय म्हणून अण्णा देवळात आले आणि खांबाला टेकून बसले. गावकऱ्यांनी मानाने त्यांच्या हातात टाळ दिला.

किराणावाल्यांनी काळी चारमध्ये सुरुवात केली. मी अण्णांकडे पाहिलं. ते अगदी तालात टाळ वाजवत होते, तोंडही हलत होतं. पण मानेची एक शीर ताणली नव्हती. ओठ जरा मागून येत होते.

मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. शंकाच नव्हती. वयाने त्यांचा आवाज उतरला होता, काळी चारला पोचत नव्हता, म्हणून त्यांनी देऊळ सोडलं होतं. गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. आता लेकासाठी ते येऊन बसले होते, आणि शेजारच्याला कळू नये म्हणून टाळ जोरात वाजवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलंय हे त्यांना कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांना मान खाली घालताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

भजन संपताच मी पुढे सरकून पेटीवाल्यांना म्हटलं, "पांढरी एक घ्या. मी धरतो."

"पुढं?" ते म्हणाले. मी कधीच पुढे गायलेलो नव्हतो. किराणावाले माझ्याकडे बघतच राहिले, मग बाजूला सरकले.

मी अण्णांच्याच चालीतलं एक जुनं भजन धरलं. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा मंडळाने मागून उचलली. तिसऱ्यांदा खांबाकडून एक आवाज आला, खरखरीत, झिजलेला, पण नेमका सुरावर. मला तिकडे बघवेना. आणि त्या नादात मी पुढचा चरण विसरलो. साफ विसरलो. पखवाज चालू, पेटी चालू, आणि मी गप्प. तो चरण अण्णांनी उचलला. तो आणि पुढचे तीनही. मी त्यांच्यामागे ध्रुपद म्हणत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते येऊ दिलं.

संध्याकाळी मंडळी निघायच्या आधी घरी चहाला आली. अण्णा बाजेवर माझ्याशेजारी बसले.

"खालून म्हणतेत व्हय आता?"

"दोन भजनं."

"तुला बी तव्हा खालून धरून बघाया पायजे होतं," ते म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई रे."

हेच ऐकायला मी आलो होतो. पण ते ऐकवेना. "जाऊ द्या हो अण्णा," म्हटलं आणि चहाचा घोट घेतला.

बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला. मी उठलो तसं त्यांनी माझा हात धरला आणि इतरांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "तुमच्या मंडळात नवा माणूस घेतेत का?"

मला वाटलं गावातल्या कोणासाठी विचारतायत. म्हटलं, "घेतात की. कोण आहे?"

"मीच," अण्णा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, पुढच्या सोमवारी गाडी घेऊन येतो. त्यांनी दोनदा विचारलं, किती वाजता तयार राहू.